बोहनीच्या नंतर, दिव्याच्या आधी

एसी दुरुस्त करणं मला कधी जड गेलं नाही. जड जायचं ते नंतरचं, बिलाचे पैसे मागायला जाणं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्हीकडे माझी सर्व्हिसिंगची कॉन्ट्रॅक्टं होती आणि तिन्हीकडच्या टोलवाटोलवीच्या तऱ्हा मला पाठ झाल्या होत्या. कुठे सही करणारा गावाला गेलेला असायचा, कुठे फोनच उचलायचे नाहीत. मी मनातल्या मनात जाम चिडायचो आणि तोंडाने "चालेल, चालेल" म्हणायचो.

उल्हासनगरात चादरी-पडद्यांचं दुकान असलेले सिंधी सेठ मात्र वेगळे. ते कधी खोटं बोलले नाहीत. त्यांचे फक्त दोन नियम होते. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे बोहनी, झाल्याशिवाय गल्ल्यातून पैसा बाहेर काढायचा नाही. आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की मग तर नाहीच. मधल्या वेळात जाऊन बसायचं. बसलं की पाणी आणि भाजलेला पापड पुढे यायचा. त्यांच्यात आल्यागेल्याला पापड-पाणी देतातच, पण मला वाटायचं, हा माझं तोंड बंद करायचा डाव आहे.

त्या दिवशी मला पैसे हवेच होते. बदलापूरला सोनिवलीत फ्लॅट घेतला होता आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा हप्ता भरला तरच बिल्डर चावी देणार होता. अंबरनाथ पश्चिमेला आमची भाड्याची खोली होती. तिथे बायकोने भांडी पोत्यात बांधून ठेवली होती, एक कुकर आणि तवा तेवढा बाहेर. इकडून तिकडून सगळं जमवलं होतं. सेठकडच्या वर्षभराच्या बिलाएवढेच कमी पडत होते.

दुपारी गेलो, तर दुकानासमोरचा रस्ता सिमेंटचा करायला खणून ठेवलेला. गिऱ्हाईक येणार कुठून?

"बोहनी नहीं हुआ, साईं," सेठ म्हणाले आणि पापड आला.

बसल्या बसल्या त्यांना फ्लॅटचं, चावीचं, पोत्यातल्या भांड्यांचं सगळं सांगून झालं. ते चुकचुकले, दोनदा दारात जाऊन रस्त्याकडे बघून आले, पण गल्ल्याला हात लावला नाही. मधे एक बाई खड्ड्यावर टाकलेल्या फळीवरून तोल सांभाळत आल्या. ढीगभर चादरी उलगडायला लावल्या आणि "मिस्टरांना विचारते" म्हणून निघून गेल्या. मला त्यांचा जेवढा राग आला, तेवढा सेठनाही आला नसेल. पुन्हा पापड. ऊन उतरलं. सेठनी दिव्यासाठी वात काढली.

समोर उशांच्या अभ्र्यांचा गठ्ठा होता.

"सेठ, ये जोडी कितने की?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "तेरे को लेना है?"

"लेना है. घर के लिए."

खिशात पेट्रोलचे पैसे होते, तेवढ्यात जोडी बसली. सेठनी नोट डोळ्यांना लावली, गल्ल्यात टाकली आणि त्याच गल्ल्यातून माझं सगळं बिल मोजून दिलं. एक रुपया कापला नाही. मग वात हातात घेऊन हसायला लागले.

"दोपहर से सोच रहा हूँ, ये आदमी खुद कुछ खरीदता क्यों नहीं!"

"तो बोलने का ना, सेठ!" मी जवळजवळ ओरडलोच.

"मैं बोलके कराऊँ, तो वो बोहनी थोड़े ही हुआ."

गाडी रिझर्व्हवर कशीबशी घरापर्यंत आली. चावी मिळाली. ते अभ्रे आता धुऊन धुऊन विरले आहेत, पण बायको टाकू देत नाही.

सेठचं दुकान पुढे बंद झालं. आता ते बदलापूरला मुलाकडे राहतात. या उन्हाळ्यात त्यांच्याकडचा एसी करायला गेलो होतो. मी हात धुऊन येईपर्यंत मुलाने मोबाईलवरून पैसे पाठवलेसुद्धा. हल्ली सगळीकडे असंच आहे. त्याचा मला आनंदच व्हायला हवा, आणि होतोही. मी बॅग उचलली.

"पैसा मिल गया तो चला?" खुर्चीतून सेठ म्हणाले. "बेटा फट से दे देता है. मेरे हाथ में होता ना, तो तू चार बार आता."

सेठ भिंतीचा आधार घेत स्वतःच स्वयंपाकघरात गेले. मी बॅग खाली ठेवली आणि बसलो.

पापड एका बाजूने पार करपला होता. मी तो खाल्ला आणि अजून एक मागितला.