मडकी जमवायचा नाद

कुंभाराच्या घरातल्या आजा, बाप नि लेक या तिघांपैकी कुठलं मडकं कुणी घडवलं, ते मी डोळे मिटून सांगायचो. डोळे उघडे ठेवूनसुद्धा तेवढंच चुकायचो.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. भाऊ बायकापोरांना घेऊन मुंबईला गेला नि पावस गावातल्या घरात मी एकटा उरलो. शाळेनं ठेवून घेतलं नाही, पोरगी कोणी दिली नाही, म्हणून त्या कुंभारांची मडकी जमवायला लागलो. ओटीवर रांग लावली. भात मात्र ॲल्युमिनियमच्या टोपात शिजवायचो, मडकं तडकेल म्हणून.

एकदा नवं मडकं खांद्यावर घेऊन एकटाच घरी येत होतो. आमच्याकडे बाप्या असा दिसला की लोक समजतात, घरात कोणीतरी गेलं. विचारत नाहीत, हातातलं काम टाकून सोबत चालायला लागतात. शेजारच्या वाडीतला एक म्हातारा कुंपण बांधायचं सोडून असाच निघाला. त्याला काय वाटलंय ते मला कळलं, पण बोललो नाही. किती दिवसांनी माझ्याबरोबर कोणी चालत होतं! मी त्याला लांबच्या वाटेनं नेलं.

घरी पोचल्यावर त्यानं टोपी काढून आत डोकावलं.

"मयत कुठंय?"

"कोणी गेलं नाही, आबा. मला मडक्यांचा नाद आहे. बसा, चहा टाकतो."

त्यानं ओटीवरची रांग बघितली, मग मला बघितलं.

"मेल्या, सोबत हवी होती तर सोबत मागायचीस. माणूस कशाला मारलास?"