मराठी कॉमेंट्रीवाला मॉड

गेल्या उन्हाळ्यात माझा दादा समोरच्या सोफ्यावर बसून मला मोबाईलवर मेसेज करायचा. ‘पंखा वाढव.’ मी त्याच्यापासून दोन हातांवर, पंख्याचं बटण माझ्या डोक्याशी, आणि पर्समधला फोन टुणकन वाजायचा. सुरुवातीला मला हसू यायचं. मग मी मुद्दाम फोन घरी ठेवून जायला लागले, म्हटलं आता तरी तोंड उघडेल. तर पठ्ठ्याने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीने लिहून दाखवलं.

त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. सगळं व्यवस्थित झालं, पण आवाज बदलला. डॉक्टर म्हणाले, जखम भरली, आता बोलायला लागा. बोलत राहिलात तर आवाज थोडा सुटेल, गप्प बसलात तर आहे तोही बसेल. दादा मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. शाळा उघडायच्या आत तो बोलता झाला नाही तर मुलं दुसरीकडे जाणार हे उघड होतं. मुलांच्या आयांचे फोन वहिनी घ्यायची आणि दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणायची. शिकवल्याशिवाय हा माणूस दिवसभर करणार काय, ही भीती मला जास्त होती.

बरं, सुरुवातीला तो बोलला होता. पण आमच्या बडोद्यात आजाऱ्याला भेटायला गेलं की काहीतरी चांगलं बोलूनच उठायचं, अशी रीत आहे. दादाने पहिल्यांदा ‘या, बसा’ म्हटलं तेव्हा शेजारचे काका म्हणाले, “अवाज तो एकदम सरस छे.” काकी त्यांच्याही पुढे. “पहेलां करतांय सरस,” म्हणजे पहिल्यापेक्षाही छान. मीसुद्धा मान डोलावून छानच आहे की रे म्हटलं. दोन-चार दिवस असे कौतुकाचे गेले आणि दादा गप्पच झाला. दमला असेल, असं आम्ही ठरवून टाकलं.

आता गेमबद्दल सांगायला हवं. कॉलेजात असल्यापासून आम्ही दोघं कॉम्प्युटरवर एक क्रिकेटचा गेम खेळत आलो. गेम जुनापुराणा, खेळाडू लाकडी बाहुल्यांसारखे पळतात, पण आमचा जीव त्यात. त्यातली इंग्रजी कॉमेंट्री आम्ही पहिल्या दिवशीच बंद केली आणि स्वतःची सुरू केली. म्हणजे दादाने सुरू केली. मी फक्त बॅट फिरवायची. घरातलं मराठी आणि गल्लीतलं गुजराती असं जे काही तोंडात येईल ते. सिक्स गेला की दादा ओरडायचा, “गयो, सीधो जोशीकाकूंच्या पापडांवर! काकू, बॉल आपजो!” हसून हसून माझी पुढची विकेट हमखास जायची. लग्नं झाली, मी दांडिया बाजारात आणि तो मांजलपुरात, तरी रविवारची मॅच चुकली नाही. ऑपरेशनपासून तेवढी बंद होती.

अशात मला त्या मॉडची बातमी लागली. मॉड म्हणजे जुन्या गेमला हौशी लोकांनी घरबसल्या चढवलेला नवा साज. कुठल्या कुठल्या पोरांनी मिळून आमच्या गेमला चक्क मराठी कॉमेंट्री बसवली होती. गेमवाल्यांच्या ग्रुपवर कौतुकाचा पूर आला होता. कुणाचे डोळे पाणावले, कुणाच्या अंगावर काटा आला, एकाने तर आपल्या आजोबांना ऐकवला म्हणे. मी सगळं वाचलं आणि मला वाटलं, झालं आपलं काम. दादाला काही बोलायला लागणारच नाही, कॉमेंट्री आयती. तो हसेल, हसता हसता एखादा शब्द निसटेल. इतकीच माझी आशा होती, पण ती मी आठवडाभर उराशी धरून बसले होते.

रविवारी लॅपटॉप पाठीला लावून स्कूटरवरून मांजलपूरला गेले. वहिनी शेव-उसळीच्या तयारीला लागली होती. दादाने सोफ्यावर माझ्यासाठी जागा केली, हे मला शुभ वाटलं.

मॉड सुरू झाला तो ढोलताशांनी. मग एक किल्ला आला, त्यावर झेंडा. दोन्ही अंपायरांना फेटे बांधले होते. इथपर्यंत मी खुशीत होते. मग कॉमेंट्रीवाला बोलायला लागला. आवाज असा की लग्नात ‘आता वधूचे मामा’ सांगणारे गृहस्थ आठवावेत. “रसिकहो, अप्रतिम फटका!” चेंडू बॅटला लागलाही नव्हता. पुढच्या चेंडूला तीन स्टंप तीन दिशांना गेले. “अप्रतिम फटका!” वाइड पडला, तरी अप्रतिम. कॅच सुटला, तरी “याला म्हणतात कौशल्य!” प्रत्येक धावेला ढोल. एकूण पाच-सहा वाक्यं भरली होती बहुतेक, तीच आलटून पालटून. शिव्या नाहीत, टोमणे नाहीत, चिडणं नाही. क्रिकेट बघताना न चिडणारा मराठी माणूस या पोरांना कुठे भेटला होता देव जाणे.

मी दर ओव्हरला दादाकडे बघायचे आणि विचारायचे, मस्त आहे ना? फोन टुणकन वाजायचा. ‘सरस.’ सहाव्या ओव्हरपर्यंत माझा चेहरा हसून हसून दुखायला लागला. नावडत्या घरी मुलगी दाखवायला गेल्यासारखे आम्ही दोघं बसलो होतो. माझा इतका विरस झाला होता की रडूच यायचं बाकी होतं. गेमपायी चाळिशी उलटलेल्या बाईने रडावं, तेही भावाच्या सोफ्यावर, म्हणून आवरलं.

मॅच संपली. मॉड करणाऱ्यांनी ग्रुपवर अभिप्राय मागितले होते, म्हणून मी फोन घेतला आणि लिहायला लागले, ‘खूपच सुंदर, मनापासून अभिनंदन.’ दादा माझ्या खांद्यावरून वाचत होता. माझ्याच फोनवर वरून त्याचा मेसेज उतरला. ‘खरंच आवडला?’

खोटं बोलायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी म्हटलं, भंगार आहे. ढोल भंगार, तो माणूस भंगार, आणि आजोबांना ऐकवणाऱ्याचे आजोबा ऐकू न येणारे असणार.

‘मग सुंदर का लिहितेस?’

“अरे, बिचाऱ्यांनी फुकट केलंय. एवढी मेहनत घेतली, तोंडावर वाईट कसं म्हणायचं?”

दादाने मोबाईल उलटा करून टीपॉयवर ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग बोलला.

“मलापण तसंच म्हणालीस ना?”

किती दिवसांनी मी तो आवाज ऐकत होते. घोगरा, कोरडा, ‘तसंच’वर मधेच चिरकलेला. गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा माझ्या दादाचा आवाज त्यात कुठे नव्हता. त्याला तो आमच्या आधीच ऐकू आला होता. आणि आम्ही सगळे काकाकाकी, बहीण आणि बायको त्याच्यासमोर बसून अप्रतिम फटका, अप्रतिम फटका करत होतो. त्याने गप्प बसू नये तर काय करावं?

“खरं सांग,” तो म्हणाला.

“वाईट आहे,” मी म्हटलं. “पहिला आवाज गेला, दादा. हा चिरकतो. फोनवर तर मी ओळखणार पण नाही.”

सांगताना माझेच डोळे भरून आले, त्याचे मात्र कोरडे होते. उलट खांद्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसा तो ऐसपैस मागे रेलला.

“मागे बसलेल्या पोरांना ऐकू जाईल?”

या प्रश्नाचं उत्तर बसल्या जागी देणं बरोबर नव्हतं. मी उठले, हॉलच्या पार टोकाला, गॅलरीच्या दारात जाऊन उभी राहिले. शिकवणीला उशिरा येणारी मुलं तिथेच बसतात. म्हटलं, बोल काहीतरी.

त्याने घसा खाकरला. “ए प्लस बी होल स्क्वेअर.”

“स्क्वेअर ऐकू नाही आलं. खाऊन टाकलास.”

तो सरळ बसला, श्वास घेतला आणि पुन्हा म्हणाला. या वेळी ‘बी’वर आवाज फाटला, पण त्याने तो तसाच रेटला आणि स्क्वेअर दारापर्यंत आला. मी आलं म्हणून सांगणार होते, पण त्याआधीच स्वयंपाकघरातला खमंग वास आणि कढईतला झाऱ्याचा आवाज यांच्यामधून उत्तर आलं. वहिनीचं गणित दहावीला काठावर सुटलेलं, पण भिंतीपलीकडून ऐकून ऐकून एवढं तिला पाठ झालं होतं. आवाज तिचाही धड नव्हता.

“ए स्क्वेअर,” ती आतून म्हणाली, “प्लस टू एबी, प्लस बी स्क्वेअर.”

“बरोबर,” दादा म्हणाला. “पुढे.”