गार राहणारी चूल

जिथे चुलीची धग हीच पीडा, अशा मुलखात वाढलेल्या माणसाला दुसऱ्या मुलखातली थंडी कळली नाही, तर दोष कोणाच्या पदरात टाकायचा? प्रस्तुत लेखकाला याचे उत्तर सापडलेले नाही. नागेश भिरूड यांना मात्र ते सापडले होते. दोष त्यांनी स्वतःच्याच पदरात घेतला.

नागेश मूळचे भुसावळचे. जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात इंजिनाची उष्णता बाहेर पसरू नये, हे पाहणे त्यांचे काम. अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतातील खेड्यांना मदत करणाऱ्या एका लहानशा फेराइनला, म्हणजे मंडळाला, कमी लाकडात शिजवणारी चूल हवी होती. नागेशना वैशाखात स्वयंपाकघरात घामाने निथळणारी आई आठवली. त्यांनी दुहेरी पत्र्याची, मध्ये राख भरलेली चूल घडवली. आत जाळ धडाडला तरी बाहेरून हात लावता येई.

"गाड्या झाल्या, आता चुली!" त्यांची पत्नी स्वरूपा म्हणाली. "आयुष्यात एक भाकरी थापलीय का कधी?"

"हात तर लावून बघ. आईला अशी मिळायला हवी होती."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आईला नाही, तर निदान जगाला."

अट नागेशनीच सुचवली. नवी चूल विकली जाऊ नये म्हणून प्रत्येक घराने जुनी लोखंडी बुखारी, म्हणजे तिथली शेगडी, जमा करायची आणि ती लगेच मोडीत काढायची. २०२२ च्या शरदात वाटप झाले. डिसेंबरात तिथे बायकांना मदतसंस्थांत काम करण्यास मनाई झाली, आणि घरोघरी जाऊन बायकांशी बोलणारी मंडळाची कार्यकर्ती फरजाना घरी बसली. पुरुषांनी फोनवर कळवले, लाकूड निम्मेच लागते. मंडळाच्या बैठकीत केक कापला गेला.

जानेवारीत फरजानाचा आवाजी निरोप आला, मालिका पाहून शिकलेल्या हिंदीत. "भाईजान, शिजतं सगळं. पण घर तापत नाही. बुखारीभोवती आम्ही झोपायचो. बीबी गुलची तान्ही नात गारठून दगावली."

नागेशनी तो उभ्यानेच ऐकला. भिंतीतला हीटर चालू होता. भुसावळच्या काय, इथल्या काय, त्यांच्या कुठल्याच घरात चुलीकडे कोणी ऊब मागितली नव्हती.

इलाज साधा होता. बाहेरचा पत्रा उचकटून राख झटकली की चूल खोलीभर तापणार. त्यांनी गावच्या प्रतिनिधीला फोन लावला.

"दिलेली वस्तू मोडली तर पुढच्या वेळी मदतीचा गहू मिळणार नाही, असं लोक म्हणतात, साहेब."

"अहो, मीच सांगतोय ना, मोडा म्हणून!"

"तुम्ही जर्मनीत. तपासायला येतो तो दुसराच."

मंडळाने अधिकृतपणे तसे कळवावे, म्हणून ते प्रमुख फ्राऊ लिंडनर यांच्याकडे गेले. "आल्झो, असं आहे, भिरूडसाहेब," त्या म्हणाल्या, "देणगीदारांना आपण हीच चूल दाखवली आहे. पुढच्या वर्षी पाहू."

मग नागेशनी फरजानालाच विचारले, बायकांपर्यंत निरोप पोचवशील का?

"मला उंबऱ्याबाहेर कोण जाऊ देतंय, भाईजान?"

पुढच्या दोन्ही हिवाळ्यांत नागेश बैठकांना जात राहिले, पत्रा काढायला सांगण्याचा तोच ठराव मांडत राहिले. २०२५ च्या मार्चमध्ये निधी आटल्यामुळे मंडळाने घोरमधले काम बंद केले; तोवर एकाही चुलीचा बाहेरचा पत्रा निघालेला नव्हता.