काकूची साडेतीन लिटर चरबी

माझ्या कामशात काकूला 'नको' म्हणता येत नाही. आमच्या कझाक गावातल्या कुणाचीही नक्कल मी करून दाखवते, पण काकूचं 'नको' मी कधी ऐकलेलंच नाही, मग नक्कल करणार कशाची?

ती पोस्टाच्या खिडकीत बसून पेन्शन वाटते. म्हातारी माणसं कागद नंतर देतात, आधी बाउरसाकांचा रुमाल आत सरकवतात. ते कणकेचे तळलेले गोळे काकू त्यांच्यासमोरच खाते, कारण ती माणसं काचेला नाक लावून बघत उभी असतात. घरी माझी आजी, म्हणजे काकूची सासू. सुनेचं ताट रिकामं दिसलं तर लोक सासूला नावं ठेवतात असं तिचं ठाम मत. म्हणून ते रिकामं व्हायच्या आतच भरतं.

आरशासमोर काकू दोन्ही हातांनी पोट धरून उभी राहायची, कुणाचं तरी सामान सांभाळायला घेतल्यासारखी. गेल्या वसंतात तिने संध्याकाळचं चालणं सुरू केलं. रस्त्यात अठरा फाटकं. प्रत्येक फाटकातून कुणीतरी हाक मारायचं, "कामशात, पळतेस कुठे? भाकरीचा तुकडा तरी तोंडात टाकून जा." आमच्याकडे दारातल्या भाकरीला नकार देत नाहीत. महिनाभर चालून काकूचं वजन दोन किलोंनी वाढलं.

शरदात ती पोस्टाच्या प्रशिक्षणाला म्हणून अल्मातीला गेली. काका तेव्हा लांब तेलाच्या विहिरींवर कामाला होता. खरं काय ते मला एकटीला माहीत होतं, कारण पोटावर बांधायचा घट्ट पट्टा मीच तिच्या पिशवीतून लपवून घरात आणला. इतक्या लांब जाऊन चरबी ओढायला पोटात नळ्या का घालून घेतल्या, असं मी विचारलं.

"चालायचं म्हणजे अठरा घरांना नको म्हणायचं," ती म्हणाली. "कमी खायचं म्हणजे आईंना दिवसातून तीनदा नको म्हणायचं. तिथे एकदाच हो म्हणायचं, सही करायची आणि झोपायचं."

मला ते पटलं. मग पटलं नाही. अजूनही माझं नक्की ठरत नाही.

आजीचं मात्र लगेच ठरलं. सुनेची कंबर बारीक झाली, पट्ट्यामुळे चार घासांत तिचं पोट भरतं, बसताना कण्हते. म्हणजे पोटात वाईट रोग. आजीने कुणाला काही विचारलं नाही. स्वतःचं जेवण निम्म्यावर आणलं, पहाटे भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. काकू रोज म्हणायची, उद्या सांगते. पण काय सांगणार? आई, तुमच्या हातचं अंगावर बसलं होतं, ते मी बाहेर फेकून आले, असं?

तिचा उद्या यायच्या आधी आजीने सुनेच्या आयुष्यासाठी मेंढा कापला. कळपातला सगळ्यात लठ्ठ. चाळीस माणसं जेवायला बसली. आजीने मेंढ्याच्या शेपटीच्या चरबीचा तळहाताएवढा पांढरा तुकडा उचलला आणि सगळ्यांसमोर काकूच्या तोंडापाशी नेला. वडीलधाऱ्यांच्या हातचा घास, तोंड उघडायचंच. काकूने उघडलं आणि परत मिटलं.

"आई, मला रोग नाही. मी चरबी काढून घेतली. अल्मातीत. साडेतीन लिटर."

आजीचा हात तिथेच राहिला. मनगटावरून वितळलेली चरबी ओघळत होती.

"काढून? आणि तिचं काय केलं?" पलीकडून दोसान आजोबांनी विचारलं. ते जन्मभर खाटीक.

"टाकून दिली असेल."

"साडेतीन लिटर," आजोबा शेजाऱ्याला हळूच म्हणाले. "टाकून."

कुणी हसलं नाही, एका पोराला उचकी लागली तेवढीच. आजी सुनेकडे बघत होती.

"एकोणीस वर्षं भरवतेय तुला. मला एकदा नको म्हणण्यापेक्षा सुरी बरी वाटली?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि आता काय वाटतंय, सांगू?" तिने तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि उरलेल्या तीन दातांनी बराच वेळ चावत बसली.

आता पंचाईत दोसान आजोबांची. दुवा त्यांनी मागायची, सगळ्यांनी तळवे वर केलेले, आणि रोगच नाही. दुवा कशासाठी मागू, त्यांनी विचारलं.

"हिचं तोंड खायलाच उघडतं," आजी म्हणाली. "बोलायलाही उघडू दे, म्हणा."

म्हटलं त्यांनी. चाळीस माणसांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

भांडी घासताना काकूने मला विचारलं, आई रागावल्यात का गं? तू तर सगळ्यांचे आवाज ओळखतेस. मी आजीचं 'बोलायलाही उघडू दे' हे वाक्य दोनदा तिच्याच आवाजात म्हणून बघितलं. एकदा शिवीसारखं वाटलं, एकदा नाही.

तेवढ्यात आजीच आत आली, हातात मांसाची परात. नेहमीसारखी ती पुढ्यात आदळायला निघाली आणि मध्येच थांबली.

"खातेस का?" तिने विचारलं.

काकूने साबणाचे हात धुतले. मग म्हणाली, "थोडं."

आजी परातीकडे बघत राहिली. थोडं म्हणजे किती, हे तिला खरंच माहीत नव्हतं.