अध्यक्षांच्या उजव्या हाताची जागा

मी डूख धरणारी बाई आहे. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे सगळे जपून वागतात. आमच्या सचिवांना ते माहीत नव्हतं.

मंगळवार पेठेत आमच्या शिक्षण संस्थेचं कार्यालय आहे, तिथे मी हेडक्लार्क. कार्यकारिणीच्या बैठकीचं इतिवृत्त मी लिहिते. जागा कुठली, तर दाराजवळचं स्टूल आणि मांडीवर वही. अकरा वर्षं. एकदा पाय प्लॅस्टरमध्ये होता म्हणून म्हटलं, साहेब, आज टेबलाशी खुर्ची मिळेल का? सचिव सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही लिवायला येतासा, बोलायला न्हवं. लिवायला स्टूल बास झालं की." सगळे हसले. मीही हसले, आणि माझ्या त्या हसण्याचाच मला जास्त राग आला.

पण मागे बसलं की माणसं नीट बघायला मिळतात. सचिवांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे मला तिथूनच कळलं. डावीकडून शिपायानं चहाला हाक मारली तर त्यांना पत्ता नसायचा. फोन कायम उजव्या कानाला. अध्यक्षांच्या डाव्या हाताची जागा त्यांनी कधी सोडली नाही, कारण तिथे अध्यक्षांचा आवाज उजव्या कानाकडून येई. आणि एखादी गोष्ट ऐकू आली नाही तरी पुन्हा विचारायचे नाहीत. मान हलवून "व्हय, व्हय" म्हणायचे.

यंदा नवीन सभागृह झालं. बसायची मांडणी ठरवायचं काम माझ्या गळ्यात आलं, कारण असली कामं कुणालाच नको असतात. सुतारानं तीन आराखडे दाखवले: लांब टेबल, गोल टेबल आणि घोड्याच्या नालेसारखं. "बाई, गोलच घ्या की, मानपानाची कटकट न्हाय," तो म्हणाला. मला मानपानच पाहिजे होता. मी नाल निवडली आणि प्रत्येकाच्या नावाची पाटी टेबलाला स्क्रूनं पक्की करून घेतली. मधोमध अध्यक्ष. त्यांच्या उजव्या हाताला पहिली जागा सचिवांची, म्हणजे अध्यक्ष आले डाव्या कानाकडे. उजव्या कानाशी भिंतीवरचा पंखा, जुन्या हॉलमधून मुद्दाम आणलेला, खडखडणारा. टोकाला एक पाटी माझी.

सचिव खूश. पाटीवरून दोनदा हात फिरवला. बैठक सुरू झाली आणि त्यांचा चेहरा उतरला, पण मानाची जागा नको म्हणायची तर कारण सांगावं लागलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! मी टोकाला बसून मनापासून मजा बघत होते.

आयत्या वेळच्या विषयांत अध्यक्षांनी, नेहमीच्या हळू आवाजात, एक ठराव मांडला. शिक्षकांच्या नेमणुकीचे अधिकार सचिवांकडून काढून तिघांच्या समितीला द्यायचे. हे मलाही माहीत नव्हतं. मला नुसती त्यांची फजिती बघायची होती. अध्यक्ष त्यांच्याकडे वळले. "तुमास्नी मान्य हाय न्हवं?"

"व्हय, व्हय," सचिव मान हलवत म्हणाले.

साहेबांना ऐकू आलेलं नाही, एवढं एक वाक्य मी बोलू शकले असते. मी लिहिलं, एकमताने मंजूर.

दुसऱ्या दिवशी ते इतिवृत्ताची वही घेऊन माझ्या टेबलाशी आले. "मी व्हय म्हटलं?"

"सगळ्यांसमोर, साहेब."

त्यांनी वही टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "कानाचं घरात बी कुणाला सांगितलं न्हाय मी. तुमास्नी ठावं व्हतं?"

"होतं," मी म्हणाले.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तरी मी उठले, त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि अख्खा ठराव, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं वाचून दाखवला. मग सही कुठे करायची ते बोट ठेवून सांगितलं.