मिस ओलेटांची चपटी काडतुसं

तेहतीस वर्षं मी बंदुकांच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. काउंटरमागे उभं राहणाऱ्याला एक रोग हमखास जडतो. त्याला वाटायला लागतं, आपल्याला सगळं कळतं. मला तर तो चांगला हाडीमाशी भिनला होता. मिस ओलेटांनी तो उतरवला, म्हणून त्यांच्याबद्दल सांगतो.

ओलेटा प्रुइट, वय वर्षं बहात्तर. लग्न झालेलं असलं तरी आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने मिसच म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी आमच्या शाळेची बस चालवली. अर्ध्या काउंटीला त्यांनीच शाळेत नेऊन टाकलंय, त्यात मीही आलो. पाचवीत असताना मी बसमध्ये बेडूक सोडला होता. बाईंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाल्या, "डेल्मर, बेडूक सापडेपर्यंत गाडी हलणार नाही. मला काही घाई नाही." चाळीस पोरं माझ्या नावाने शंख करत होती. आज मी अठ्ठावन्नचा आहे, तरी त्या दुकानात शिरल्या की मी टोपी काढून उभा राहतो.

चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान हॉलिस गेले. दोघांनी मिळून बांधलेलं घर खडीच्या रस्त्याच्या पार टोकाला आहे. कोंबड्या, टोमॅटोची रोपं आणि बाई एकट्या. तेव्हा त्या माझ्याकडे रिव्हॉल्वर घ्यायला आल्या होत्या. मी काय केलं? दुकानातलं सगळ्यात हलकं, चिमुकलं रिव्हॉल्वर काढलं आणि सोबत सगळ्यात जोरकस काडतुसांचं खोकं दिलं. "मूर्ती लहान पण कीर्ती महान, मिस ओलेटा! एकट्या बाईमाणसाकडे दमदार माल हवा." कॉफी पीत बसलेल्या तिघा टोळभैरवांनी माना डोलावल्या. एकदा उडवून बघा, असं कुणी म्हटलं नाही.

आमच्याकडे हे असंच चालतं. बाईचं हत्यार नवरा निवडतो, बाप निवडतो, नाहीतर माझ्यासारखा काउंटरवरचा शहाणा. आणि निवडतो काय, तर सगळ्यात छोटी बंदूक आणि सगळ्यात मोठा बार. बंदूक जितकी हलकी तितका हाताला झटका जबर, हे मला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

या वसंतात बाईंच्या रस्त्यावरची दोन घरं चोरांनी फोडली. एका घरात तर माणसं झोपलेली होती. शेरिफची गाडी तिथे पोचायला चाळीस मिनिटं लागतात. बाईंचा एकुलता एक मुलगा रॉइस टल्सा शहरात असतो. त्याने ऐकलं आणि त्या रविवारी थेट चर्चच्या सहभोजनालाच येऊन थडकला.

"आई, पुरे झालं आता. माझ्याकडे खोली तयार आहे. घर विकायला काढू."

"खोलीत तूच झोप," बाई म्हणाल्या आणि मक्याच्या पावाचा तुकडा उसळीत बुडवला.

"चोर आला तर काय करशील? बसमधून उतरवशील त्याला?"

"उतरवलेत मी. तुझ्याहून उंच उतरवलेत."

सगळं टेबल हसलं. रॉइसचे कान लाल झाले. "बरं. मग दाखव. जेवण झाल्यावर मागे डेल्मरच्या कुरणात चल. सात पावलांवर कागदी ताट लावतो. पाचांतल्या चार गोळ्या लागल्या, तर मी घराचं नावही काढणार नाही. नाही लागल्या तर माझ्यासोबत यायचं. आहे कबूल?"

आमच्याकडचे निम्मे वाद कागदी ताटावरच मिटतात. ज्या ताटात जेवलो तेच खिळ्याने खांबाला ठोकायचं.

बाईंनी "कबूल" म्हटलं. गोड पदार्थ न खाताच सगळे कुरणात आले. पहिली गोळी जमिनीत गेली, दुसरी कुंपणावरून कुठेतरी. तिसरीच्या आधी बाईंचे डोळे मिटलेले मी पाहिले. ती ताटापासून हातभर लांब गेली. त्यांनी रिव्हॉल्वर खाली ठेवलं. अंगठ्याच्या बेचक्यातून रक्त येत होतं. आणि मी, मूर्खशिरोमणी, काय बोलावं? "मिस ओलेटा, नाचता येईना अंगण वाकडं!"

दोघं-तिघं हसले. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रॉइसच नरमला. "दोन आठवडे देतो आई. पण त्यानंतर नाही."

मंगळवारी सकाळी दुकान उघडतोय तोच बाई हजर. काउंटरच्या काचेवर त्यांनी चार वर्षांपूर्वीचं तेच काडतुसांचं खोकं ठेवलं.

"यातल्या सात उडवल्या मी, डेल्मर. घेतलं त्या दिवशी चार आणि परवा तीन. मधली चार वर्षं हे ड्रॉवरमध्ये पडून होतं. चोराची नाही वाटायची, एवढी मला त्या ड्रॉवरची भीती वाटायची."

मग त्यांनी दोन्ही हात काचेवर ठेवले. बोटांची पेरं सुजून अक्रोडाएवढी झाली होती. उजव्या हाताची दोन बोटं सरळही होत नव्हती. "तू मला त्या दिवशी अर्धा तास ऐकवलंस. एकदा तरी विचारलंस, बाई, हात कसा आहे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दर गुरुवारी जे म्हातारे तुझ्याकडे नेमबाजीला येतात, ते कसली काडतुसं वापरतात?"

"ती होय? नुसत्या शिशाची, चपट्या तोंडाची. कागदाला गोल भोक पडतं, गुण मोजायला बरं. पण ती खेळातली हो, मिस ओलेटा. चोर हसेल."

"हसेल त्याचे दात दिसतील. तुझी ती दमदार गोळी माझ्या छतात गेली, तर तो काय रडणार आहे?"

दुकानामागे आमची नेमबाजीची जागा आहे, तिथे तीन खोकी घेऊन गेलो. एकात साधी काडतुसं, दुसऱ्यात छोट्या रिव्हॉल्वरसाठी केलेली सौम्य आणि तिसऱ्यात ती चपटी. कुठल्या गोळीचा वेग किती, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर बाईंनी हात वर केला. परीक्षा त्यांनी स्वतःच ठरवून आणली होती. प्रत्येकातल्या पाच उडवायच्या आणि लगेच अंगातल्या स्वेटरची बटणं लावायची. बटणं लागली तर माल पास.

साध्या काडतुसांनंतर एकही बटण लागेना. बाई बाकावर बसून राहिल्या, हात मांडीत धरून. मी पाणी आणलं. म्हटलं, उद्या बघू. "गप रे," म्हणाल्या. अर्ध्या तासाने सौम्य काडतुसं झाली. दोन बटणं लागली, तिसऱ्यावर बोटं अडली. मग चपटी. आवाज होता, पण हात जेमतेम हलला. आणि मुख्य म्हणजे डोळे उघडे राहिले. पाचही भोकं तळहाताएवढ्या जागेत. बाईंनी खालपासून गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली आणि माझ्याकडे बघून ताठ उभ्या राहिल्या. माझे डोळे भरून आले, त्यात लाज कसली?

एक खोट मात्र होती, ती मी सांगितली. रिव्हॉल्वर भरताना टोकदार गोळी चक्राच्या भोकात सुळकन जाते, चपटी कडेला अडते. दुखऱ्या बोटांनी ती घाईत भरणं कठीण.

"आत पाच असतात ना?"

"हो."

"मग सहावीची वेळ आली तर मी मागच्या दाराने पळेन. भरत कोण बसतंय!"

त्यानंतर रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकून झाले की बाई दहा बार काढायच्या. जास्त नाही आणि कमी नाही. दुखलं तर तिथेच थांबायच्या.

ठरलेल्या रविवारी अख्खं चर्च कुरणात लोटलं. हातात पीचच्या गोडाच्या बशा. बाई सात पावलांवर उभ्या राहिल्या आणि सावकाश, एकेक करून पाच बार काढले. चार ताटात, पाचवीने ताटाची कड कापली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रॉइसने मात्र खोकं उचलून बघितलं.

"हे काय? ही तर खेळातली काडतुसं! आई, ही फसवणूक आहे. डेल्मर, तू सांग सगळ्यांसमोर. याने माणूस थांबेल?"

वीस-पंचवीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. कॉफीवाले तिघेही होतेच. एवढ्या वर्षांत यातल्या प्रत्येकाला मी मोठ्या गोळीचं माहात्म्य ऐकवलं होतं.

"रॉइस," मी म्हटलं, "तुझ्या आईला आधीचा माल मी दिला होता, आणि चुकीचा दिला होता. त्यांच्या हातासाठी नाही दिला, माझ्या फुशारकीसाठी दिला. आता ऐक. जोरकस गोळी लागली तर जास्त काम करते, ते खोटं नाही. पण न लागलेली गोळी कुणालाच थांबवत नाही. या पाच मी ताटात लागताना बघितल्यात. त्या ताटाच्या जागी मी उभा राहणार नाही. तू राहतोस?"

रॉइस खोकं हातात फिरवत राहिला. "पण आई, आधीची का नको होती? त्यात काय वाईट होतं?"

बाईंनी हात त्याच्यापुढे धरले. "दुखतं रे. चार वर्षं झाली. सकाळी बरणीचं झाकण उघडत नाही. झाकण फिरावं म्हणून टोमॅटोची बरणी मी दाराच्या फटीत धरली आणि फोडली, माहितीये?"

रॉइसने ते हात हातात घेतले, उलटेपालटे करून बघितले. "दर रविवारी फोन करतो मी. दर रविवारी विचारतो, कशी आहेस. मस्त आहे म्हणतेस. सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर त्याच दिवशी येऊन माझी बॅग भरली असतीस."

त्याने ते हात सोडले नाहीत. मग म्हणाला, "हो. भरली असती."

माझ्या पिकअप गाडीची मागची फळी उघडी होती. तो जाऊन तिच्यावर बसला. बाकीची माणसं बशा घेऊन चर्चकडे निघाली. मीही निघालो, पण पाय रेंगाळलेच.

"अजून काय काय लपवलंयस?" रॉइसने विचारलं.

"बॅग भरणार नाहीस?"

"नाही भरणार."

"शप्पथ?"

"शप्पथ, आई."

बाई हळूच त्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि लपवलेली दुखणी एकेक करून सांगायला गुडघ्यापासून सुरुवात केली.