मधल्या जागेवर

काल लाइट आली, मी मेणबत्ती फुंकली आणि त्या धुराच्या वासानं उस्मानपुऱ्यातला जुना विहार आठवला. मी तेव्हा तरुण होते. भंतेजी मैत्री भावना शिकवत होते. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग आवडत्या माणसाचं, मग ज्याच्याबद्दल ना माया ना राग अशा मधल्या माणसाचं, शेवटी वैऱ्याचं. मधला माणूस म्हणताच माझ्या मिटल्या डोळ्यांपुढं आमचे हे आले. हे पुरुषांच्या बाजूला बसले होते.

घरी जाताना ह्यांनी विचारलं, "मधल्या जागेवर कुणाला घेतलं गं?"

"तुम्हाला."

"आन् वैरी?"

"तुमची आई."

"मंग मी लई बरा की!" म्हणून हे मोठ्यानं हसले. हा माणूस असा हसतो, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ठाऊक नव्हतं.

आता हे नाहीत. मेलेल्या माणसावर ही भावना धरायची नाही, जिवंत माणूस घ्यायचा, असं आताचे भंतेजी सांगतात. का, ते मला कळलेलं नाही. मधल्या जागेवर मी दूधवाल्याला घेते. आवडत्या माणसाच्या जागी मात्र हेच येतात, आणि मी येऊ देते. तेव्हा भंतेजींचेही डोळे मिटलेले असतात.